आमच्या गावच्या नाल्याचं काय करायचं?

आमच्या तालुक्याच्या गावात सध्या जिथं जाल तिथं एकच विषय आहे, नाल्याचं सौंदर्यीकरण. प्रस्ताव असा की गावातून जाणारा नाला सरळ करायचा, तळ खोल करायचा, दोन्ही बाजूनं काँक्रीटची संरक्षण भिंत बांधायची, वरून पेव्हर ब्लॉक, वॉकिंग ट्रॅक, बसायला बाक, एलईडी लाइट. थ्रीडी चित्र व्हॉट्सॲपवर फिरतंय. लोक खुश आहेत आणि त्यांचं खुश होणं मला पूर्ण समजतं, मागच्या पावसाळ्यात ज्यांच्या घरात कमरेइतकं पाणी होतं त्यांना भिंत म्हटलं की आधार वाटणारच.

पण मला मनापासून वाटतं की काम असंच झालं तर पूर कमी होणार नाही, तो पुढच्या वस्तीत ढकलला जाईल, आणि नाल्यात जे थोडंफार जिवंत उरलंय तेही जाईल. भिंतीचं नंतर बघू, आधी नाल्याला त्याची रुंदी परत द्या, एवढंच माझं म्हणणं आहे. का ते सविस्तर लिहितोय, लांब होईल पण वाचा, कारण हा विषय फक्त आमच्या गावचा नाही, विदर्भातल्या कितीतरी तालुक्याच्या गावांत असाच एक नाला आहे आणि असाच एक प्रस्ताव आहे.

आधी नाला कसा आहे ते सांगतो. वर बरडावर ई-क्लासची, म्हणजे सरकारी चराईची, जमीन आहे, तिथून तो निघतो, मग तीन-चार गावांच्या शिवारातून पऱ्हाटी (कपाशी)-सोयाबीनच्या वावरांमधून येतो, आठवडी बाजाराच्या मागून गावात शिरतो, एसटी स्टँडच्या पाठीमागून जातो, मेन रोडच्या पुलियाखालून निघतो, मग खालच्या वस्तीजवळ रपटा, म्हणजे पाणी वरून जाणारा बुटका पूल, आहे त्यावरून उतरून पुढं नदीला मिळतो. उन्हाळ्यात त्यात गावचं सांडपाणी तेवढं असतं. पावसाळ्यात मात्र वरच्या शिवाराचं सगळं पाणी याच एका वाटेनं येतं, दुसरी वाटच नाही.

मागच्या पुरात पुलियाजवळ काय झालं ते मी उभं राहून पाहिलंय. पुलिया म्हणजे सिमेंटच्या पाइपांची मोरी, वर रस्ता. पाणी वाढायला लागलं तसं पहिले आल्या पऱ्हाट्या. वावरातून उपटून नाल्याच्या काठावर ढीग लावून ठेवलेल्या कोरड्या पऱ्हाट्या, त्या तरंगत आल्या आणि पाइपाच्या तोंडाशी आडव्या झाल्या. त्यांच्यात तुराट्या अडकल्या, त्यांच्यावर प्लास्टिकच्या पन्न्या, लग्नाच्या हॉलमागच्या थर्माकोलच्या पत्रावळ्या, एक फाटकी गादी, खताची रिकामी पोती, आणि बघता बघता तिथं अख्खा बांध तयार झाला. पाणी पाइपातून जायचं सोडून बाजूच्या गल्लीत वळलं. खाली नाल्यात अजून जागा होती, म्हणजे पुलियाच्या खालच्या अंगाला पाणी काठाच्या आत होतं, आणि वरच्या अंगाला किराणा दुकानात तुरीचे कट्टे भिजत होते. जेसीबी आला, त्यानं तो गुंता ओढून काढला आणि थोड्याच वेळात गल्लीतलं पाणी उतरलं. हे पाहिल्यावर तरी पहिला प्रश्न पुलियाचा यायला पाहिजे होता. प्रस्तावात पुलिया जशीच्या तशी आहे, तिला नुसता रंग आहे.

आता पाण्याचा हिशोब. आपल्याकडे जोराचा पाऊस झाला की लोक लगेच ढगफुटी म्हणतात. हवामान खात्याच्या भाषेत ढगफुटी म्हणजे तासाला साधारण १०० मिमी पाऊस, तो क्वचित होतो. आपलं नुकसान बहुतेक वेळा अतिवृष्टीनंच होतं, म्हणजे महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिमी. पण ६५ मिमी म्हणजे सुद्धा थोडं नाही राजेहो. एक मिमी पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, त्या हिशोबानं ६५ मिमीमध्ये एका एकरावर अडीच लाख लिटरच्या वर पाणी पडतं, दहा हजार लिटरचे पंचवीस-सव्वीस टँकर, एका एकरावर! आमच्या नाल्याला मिळणारं शिवार किती एकर आहे याचा तुम्हीच अंदाज करा.

यातलं किती मुरतं आणि किती वाहतं यावर पुराचा सगळा खेळ आहे. आपली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडून बसते, म्हणून मृगाचा पहिला पाऊस ती गटागटा पिते, नाल्याला पाणीसुद्धा येत नाही. पण एकदा ती भिजली की फुगते, भेगा मिटतात, आणि मग वरून पडलेलं पाणी आत घेतच नाही. म्हणून जूनमध्ये पडलेला १०० मिमी आणि जुलैच्या शेवटी झड लागून भिजलेल्या रानावर पडलेला १०० मिमी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि त्यात आता लेआऊट पडले. पंधरा-वीस वर्षांपूर्वी नाल्याच्या दोन्ही बाजूला वावरं होती, आता तिथं प्लॉट, सिमेंट रोड, स्लॅब, आवारात सुद्धा फरशी. वावरातलं पाणी नाल्यात यायला वेळ घ्यायचं, स्लॅबवरचं पाणी मिनिटात येतं. पाणी वाढलं, ते लवकर यायला लागलं, आणि नाला मात्र दर वर्षी थोडा थोडा अरुंद होत गेला, कारण कुणी कंपाउंड पुढं सरकवलं, कुणी मुरूम टाकून प्लॉट उंच केला.

आमच्या घराजवळ एक आबाजी राहतात, त्यांचं वावर नाल्याला लागून होतं, आता लेआऊट झालंय. मी त्यांना विचारलं की नाला पहिले किती रुंद होता. ते म्हणाले, "बाबू, इथून त्या चिचेच्या झाडालोक पानी पसरे. पसरे अन् दुसऱ्या दिवशी उतरून जाय, गाय-ढोराले तरास नाई का मानसाले नाई. आता पसराले जागाच ठेवली नाई तं ते वर चढनच ना." ते चिंचेचं झाड आता एका घराच्या मागच्या भिंतीत आहे. आबाजींनी जे सांगितलं तेच इंजिनिअरिंगच्या भाषेत पूरमैदान. नाल्याचं पात्र वेगळं आणि पूर आल्यावर पसरायची जागा वेगळी, ती पण नाल्याचीच असते, फक्त वर्षातून दोन दिवस ती वापरतो.

यासाठी आपल्या राज्यात नियम नाही असं नाही. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो, निळी आणि लाल. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, तिच्या आत बांधकाम निषिद्ध. लाल रेषा साधारण १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, दोघींच्या मध्ये अटी पाळून बांधकाम. लोकांना वाटतं २५ वर्षांतून एकदा म्हणजे यंदा आला तर आता २५ वर्षं सुट्टी. तसं नाही, याचा अर्थ दर वर्षी ४ टक्के शक्यता, आणि गणित केलं तर २० वर्षांचं होम लोन फिटेपर्यंत त्या पातळीचा पूर एकदा तरी येण्याची शक्यता ५६ टक्के निघते. निम्म्याहून जास्त! प्लॉट विकताना हे कुणी सांगतं का? आणि मोठ्या नद्यांवर तरी या रेषा आहेत, आमच्या नाल्यावर अशी रेषा आजपर्यंत आखलेलीच नाही, त्यामुळं कागदावर तिथं पूर येतच नाही.

विदर्भाला हे सगळं नवीन नाही. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीनं नरखेड तालुक्यातलं मोवाड धुऊन नेलं, दोनशेच्या वर माणसं गेली, आजही त्या भागातल्या जुन्या माणसांसमोर मोवाड म्हटलं की ती गप्प होतात. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेचा पूर, भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत. जुलै २०२२ मध्ये हिंगणघाट, वणी, चंद्रपूरकडं पाणी. जुलै २०२३ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर लोक अडकले. आणि मग २३ सप्टेंबर २०२३ ची नागपूरची पहाट, तीन-चार तासांत १०० मिमीच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत लोक झोपेत असताना पाणी घुसलं. अंबाझरीच्या सांडव्यासमोर आणि नदीच्या पात्रावर झालेल्या बांधकामांचा प्रश्न हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. नागपूरला नाग नदी बऱ्याच ठिकाणी भिंतीत बांधलेली आहे हे लक्षात घ्या. भिंती होत्याच. भिंतीच्या आत मावेल एवढं पाणी असतं तोपर्यंत भिंत कामाची, त्याच्या वर गेलं की तीच भिंत बाहेर आलेलं पाणी परत नदीत जाऊ देत नाही.

आता बाहेरचं एक उदाहरण सांगतो, कारण मला ते फार आवडलं आणि आपल्या परिस्थितीशी जुळतं. अमेरिकेत ऑरेगन राज्यात पोर्टलंड शहर आहे, तिथं जॉन्सन क्रीक नावाचा ओढा आहे, चाळीसेक किलोमीटरचा, म्हणजे आपल्याकडच्या मोठ्या नाल्यासारखाच. १९३० च्या दशकात मंदी होती, लोकांना रोजगार द्यायचा होता, तर सरकारी कामातून त्यांनी तो ओढा बऱ्याच भागात सरळ केला, खोल केला, काठाला दगडाची पिचिंग केली. उद्देश पूर थांबवायचाच होता. पूर थांबला नाही. उलट ओढा त्याच्या पूरमैदानापासून तुटला, मासे गेले, आणि लेंट्स नावाच्या खालच्या वस्तीत फॉस्टर रोडवर जवळपास एक वर्षाआड पाणी यायला लागलं. अनेक वर्षं हे चाललं. मग १९९७ मध्ये शहरानं वेगळा रस्ता धरला, पूरमैदानातल्या ज्या लोकांना स्वतःच्या मर्जीनं घर विकायचं आहे त्यांच्याकडून बाजारभावानं घर विकत घ्यायचं, जबरदस्ती कुणावर नाही. वर्षानुवर्षं थांबून थांबून साठेक कुटुंबांची जागा त्यांनी घेतली, घरं काढली, मधला रस्ता काढला, भरावाची माती उचलली, ओढ्याला परत वळणं दिली, झाडांचे मोठे ओंडके टाकले, स्थानिक झाडं लावली. २०१२ पर्यंत साठ एकरांच्या वर पूरमैदान परत मिळालं. त्याच वर्षी जानेवारीत जोराचं पाणी आलं, ते या मोकळ्या जागेत पसरलं आणि फॉस्टर रोड चालू राहिला. उन्हाळ्यात तीच जागा लोकांना फिरायला आहे.

यात दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. एक, त्यांना दहा-पंधरा वर्षं लागली आणि त्यांनी तेवढा धीर ठेवला. दुसरी, पूर कमी करणं आणि जीवसृष्टी परत आणणं ही दोन वेगळी कामं नव्हती, एकाच खर्चात दोन्ही झाली. सिंगापूरला पण बिशान पार्कमध्ये २.७ किलोमीटरचा सरळ काँक्रीटचा कालवा फोडून त्यांनी ३.२ किलोमीटरची वळणावळणाची नदी केली, २०१२ मध्येच ते काम झालं. जगात जिथं आधी काँक्रीट झालं तिथं लोक आता ते काढायला पैसे खर्च करतायत, आणि आपण ते टाकायला करतोय, याचं मला खरंच वाईट वाटतं.

कुणी म्हणेल आपल्या नाल्यात जीवसृष्टी कुठं आहे, गटार आहे ते. गावातल्या भागापुरतं खरं आहे. पण गावाच्या वर एक-दोन किलोमीटर चालत जा. तिथं नाल्याच्या वळणावर शिंदीचं बन अजून उभं आहे, आणि पावसाळ्यात त्याच्या झावळ्यांना सुगरणीचे खोपे लटकलेले असतात, पाण्याच्या बरोबर वर, म्हणजे साप आणि मांजर सहज पोचू नये. शिंदीच्या मुळ्या पाहिल्या का तुम्ही? काठ जिथं थोडा ढासळलाय तिथं दिसतात, बोटाएवढ्या जाड मुळ्यांचं दाट जाळं, एकमेकींत गुंतलेलं, त्यात माती घट्ट धरून ठेवलेली. त्या वळणावर पूर दर वर्षी आदळतो आणि काठ जागेवर आहे. त्याच्या पन्नास पावलं पुढं, जिथं शिंदी तोडून काठ सरळ केला, तिथं वावराचा अर्धा धुरा, म्हणजे बांध, खरडून गेलाय. हे कुणीही जाऊन बघावं, याच्यापेक्षा चांगला पुरावा मी देऊ शकत नाही.

शिंदीसोबत करंज आहे, उंबर आहे, अर्जुन आहे, खाली लव्हाळा आहे. डोहात मरळ आहे, खेकडे आहेत. खंड्या आहे, टिटवी उघड्या गोट्यांवर अंडी घालते, वेडे राघू काठाच्या उभ्या मातीत बिळं करून राहतात. आता काठाला काँक्रीट लावलं तर वेडा राघू बीळ कुठं करणार? तळाला काँक्रीट टाकलं तर डोहच राहणार नाही. आणि मासे मृगाच्या पाण्यात खालून वर चढतात, अंडी घालायला, हे आपल्याकडच्या पोराटोरांना पण माहीत आहे, सगळे जाळं घेऊन तयार असतात. त्या माशांना चढायला तळ सलग पाहिजे. आपल्या पुलियाचे पाइप खालच्या बाजूनं पाण्याच्या वर अधांतरी उघडतात, मासा तिथंच थांबतो. म्हणून पुलिया बदलायची तर स्लॅबचा मोठा गाळा करा, तळ मातीचा-गोट्यांचा राहू द्या, पऱ्हाट्या पण अडकणार नाहीत आणि मासे पण चढतील. सगळ्या कामांतलं एकच काम करायचं म्हटलं तर मी हेच निवडीन.

जीवसृष्टी परत येते का? येते, मेहनत घेतली तर. आपल्याच विदर्भात भंडारा-गोंदियाकडं जुने मालगुजारी तलाव आहेत, कोहळी लोकांनी बांधलेले, एकाचा सांडवा दुसऱ्यात जाईल अशी साखळी. त्यातले कितीतरी तलाव बेशरम नावाच्या झुडपानं भरून गेले होते, मासे कमी झाले होते. तिथं तलावांवर काम करणारे मनीष राजनकर आणि मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या बाया-माणसांनी मिळून बेशरम मुळासकट काढली, तलावाचा तळ नांगरला आणि पाण्यातल्या देशी वनस्पती परत लावल्या. कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते हे ढिवरांना माहीत होतं, ते ज्ञान वापरलं. मासे वाढले, पक्षी आले. हे काम पाहिल्यावर मला वाटतं की आमच्या नाल्याचा आराखडा करताना पहिले बोलवायला पाहिजे खालच्या वस्तीतल्या भोई-ढिवर कुटुंबांना आणि ढोरं चारणाऱ्यांना, कारण पाणी कुठं थांबतं, कुठून फुटतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही. आजपर्यंतच्या कोणत्याच बैठकीत ते नव्हते.

आता कामाचं बोलू. सगळ्यात मोठी अडचण तांत्रिक नाही, हद्दीची आहे. २०१४-१५ च्या सुमारास तालुक्याच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या, आमची पण झाली. त्यामुळं गावातला नाला नगरपंचायतीचा, वरचं सगळं शिवार तीन-चार ग्रामपंचायतींचं. रोजगार हमीची कामं ग्रामीण भागात होतात, नगरपंचायतीच्या हद्दीत नाही. नगरपंचायतीचे पैसे हद्दीच्या बाहेर खर्च होत नाहीत. पाण्याला हद्द माहीत नाही पण योजनेला आहे, आणि पूर येतो वरून. म्हणून आराखडा नाल्याच्या उगमापासून करायला पाहिजे आणि तो तहसील किंवा जिल्हा पातळीवर बसून, जिथं दोन्हीकडचे लोक एका टेबलावर येतील. वर ई-क्लासवर समतल चर, गवत, झाडं, वावरांत शेततळी, धुऱ्यावर बांधबंदिस्ती, लहान नाल्यांवर दगडाचे बांध, हे रोजगार हमीतून आणि पाणलोटातून होऊ शकतं. गावातल्या भागाला राज्य सरकारचं माझी वसुंधरा अभियान आहे, केंद्राच्या अमृत २.० योजनेमध्ये जलस्रोतांचं पुनरुज्जीवन बसतं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. वरच्या चरांनी आणि बंधाऱ्यांनी मोठा पूर थांबत नाही. सात दिवसांची झड लागली की ते सगळे भरून जातात आणि मग पडलेलं पाणी सरळ खाली येतं. त्यांचा फायदा नेहमीच्या, मध्यम पावसात होतो, माती थांबते, विहिरींना पाणी येतं, नाला उन्हाळ्यात थोडा जास्त वाहतो. मोठ्या पुरासाठी गावात पसरायला जागाच लागते. तिला पर्याय नाही.

आणि खोलीकरणाबद्दल. मी खोलीकरणाच्या सरसकट विरोधात नाही. जलयुक्त शिवारमध्ये गाळ काढल्यानं बऱ्याच ठिकाणी विहिरींना फायदा झाला, ते मी पाहिलंय. पण गाळ काढणं वेगळं आणि पोकलेन लावून काठ तासून नाला सरळ नळीसारखा करणं वेगळं. सरळ नाल्यात पाण्याचा वेग वाढतो, वरचं पाणी लवकर खाली पोचतं, आमच्या गावातून सुटलं तरी रपट्याजवळच्या वस्तीवर जास्त जोरात आदळतं. ते लोक पण आमचेच आहेत.

मग गावात जागा कुठून आणायची? आहे. आठवडी बाजाराचं पटांगण नाल्याला लागून आहे आणि बाजार आठवड्यातून एकच दिवस भरतो. त्याची नाल्याकडची बाजू थोडी खाली घेतली, ओटे वरच्या बाजूला घेतले, तर पुराच्या दिवशी पाणी तिथं थांबू शकतं, दुसऱ्या दिवशी उतरलं की झाडून घ्यायचं. शाळेच्या मागचं मैदान तसंच. लेआऊटमध्ये ओपन स्पेस सोडलेली असते, ती बहुतेक ठिकाणी कोपऱ्यात कुठंतरी सोडतात, ती नाल्याच्या बाजूलाच सोडायची अट टाकली तर एक रुपया खर्च न करता काठ मोकळा राहतो. आणि नाल्याचा आकार दोन टप्प्यांचा करायचा, मध्ये लहान खोल धार, जिच्यात उन्हाळ्याचं पाणी राहील आणि मासे जगतील, आणि दोन्ही बाजूला रुंद सपाट काठ, गवत-लव्हाळ्याचा, त्यावर एरवी माणसं फिरतील. वॉकिंग ट्रॅक पाहिजे ना, तो या सपाट काठावर मातीचा-मुरमाचा करा, वर्षातून दोन दिवस बुडला तर काय बिघडतं. जिथं रस्ता किंवा जुनं घर अगदी लागून आहे तिथं भिंत लागेलच, तिथं बांधा, पण गॅबियनची बांधा, जाळीत दगड, त्यातून पाणी पण झिरपतं आणि झाडं पण उगवतात.

झाडं लावताना गुलमोहर आणि शोभेची रोपं नको. काठावर शिंदी, करंज, अर्जुन, उंबर, जांभूळ, बांबू, खाली ओलीत वाळा आणि लव्हाळा. शिंदीचं रोप नर्सरीत सहज मिळत नाही, पण बिया पडलेल्या असतात, उन्हाळ्याच्या शेवटी गोळा करा. बेशरम आणि सुबाभूळ आधी काढा, नाहीतर दोन वर्षांत तेच सगळीकडं दिसेल. पहिले तीन उन्हाळे पाणी आणि ढोरांपासून राखण लागेल, त्याचे पैसे एस्टिमेटमध्ये पहिल्या दिवसापासून धरा, लावण्याचे पैसे मिळतात आणि जगवण्याचे मिळत नाहीत हे आपण दर वर्षी बघतो.

सांडपाण्याचं तर बोलायलाच पाहिजे, कारण ते नाल्यात येतंय तोपर्यंत मासे आणि पक्षी ही नुसती चर्चा आहे. आमच्या गावात दोन मोठ्या नाल्या येऊन मुख्य नाल्याला मिळतात. त्या मिळतात तिथं नगरपंचायतीचीच पडीक जागा आहे, तिथं आधी गाळ बसायची टाकी आणि पुढं पाणकणीस-वाळ्याच्या वाफ्यांतून पाणी सोडलं तर बरंच स्वच्छ होऊन जाईल, विजेचा खर्च जवळपास नाही. नागपूरच्या नाग नदीचं घाण पाणी कन्हान नदीमधून थेट गोसीखुर्द धरणापर्यंत पोचलंय आणि ते साफ करायला आता जवळपास १,९२७ कोटींचा प्रकल्प आहे. लहान गावात ते काम लहान असतानाच करून टाकणं किती स्वस्त पडेल!

सगळ्यात नाजूक विषय काठावरच्या घरांचा. मला माहीत आहे की असं काही लिहिलं की कुणीतरी म्हणणार, मग काढा ना अतिक्रमण, चालवा जेसीबी. माझं तसं अजिबात म्हणणं नाही. नाल्यात कंपाउंड सरकवणारे प्लॉटवाले वेगळे आणि रपट्याजवळ टिनाच्या घरात राहणारी मजुरी करणारी माणसं वेगळी. त्यांना दुसरीकडं जागा कुणी दिली नाही म्हणून ती तिथं आहेत, आणि पुरात पहिले तीच बुडतात. त्यांना विचारा, याच गावात, कामाच्या आणि शाळेच्या जवळ, पट्टा आणि घरकुल दिलं तर हलायची तयारी आहे का. मी काही जणांशी बोललो, एका ताईनं सांगितलं, "भाऊ, कोनाले हौस आहे दरसाल भांडेकुंडे डोक्शावर घ्याची, पन पयले घर दाखवा, मंग आमचं मोडा." हे इतकं साधं आहे. पोर्टलंडला पण मर्जीनंच झालं, म्हणून झालं.

पऱ्हाट्यांचं पण ठरवायला पाहिजे. कापूस संपला की त्या नाल्यावर टाकायच्या नाहीत एवढं म्हणून भागत नाही, शेतकऱ्याला त्या ठेवायला जागा नाही आणि जाळल्या तर मातीचं नुकसान. पऱ्हाटीचं श्रेडर गावागावात भाड्यानं मिळालं, वावरातच कुट्टी करून पसरवली, तर खत पण होतं. वरच्या ग्रामपंचायतींनी मे महिन्याच्या आत एवढं केलं तरी आमच्या पुलियावरचा निम्मा ताण जाईल.

आता पुढचं. आम्ही काही जण मिळून भूमी अभिलेखमधून जुना गाव नकाशा काढतोय, त्यात नाल्याची तेव्हाची रुंदी दिसते, आणि नाल्याचं पात्र जमीन महसूल कायद्यानं सरकारचं असतं, त्यामुळं ती रुंदी परत मागायला आधार आहे. तो नकाशा आणि प्रस्तावाचं ड्रॉइंग एकावर एक ठेवून सगळ्यांना दाखवायचं, मग मुख्याधिकारी साहेबांकडं लेखी हरकत द्यायची. हरकतीत पहिली मागणी पुलियाचा गाळा मोठा करण्याची, दुसरी बाजाराच्या पटांगणाची, तिसरी गावाच्या वरच्या शिंदीच्या बनाला हात न लावण्याची. ज्यांच्या घरात मागच्या वेळी पाणी आलं त्यांनी भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचा फोटो आणि जमिनीपासून तिची उंची मोजून पाठवा, रंगरंगोटी करायच्या आधी, कारण आमच्या नाल्यावर निळी रेषा आखायची म्हटली तर सध्या मोजायला आपल्याकडं तेवढंच आहे. तुमच्या गावात पुलिया बदलून किंवा मैदान खाली घेऊन काही झालं असेल तर जरूर कळवा, एस्टिमेट असेल तर अजून चांगलं, आम्हाला हरकतीला जोडता येईल.